देवयानीकडून येणारी गाडी

माझे थोरले दीर माझ्याशी बोलत नाहीत. ते दुर्बिणीशी बोलतात. मी समोर उभी असते, दुर्बीण माझ्या शेजारी उभी असते, आणि तात्या तिच्याकडे तोंड करून म्हणतात, "बाई, आज चहात साखर पडली न्हाय जनू."

मग मीही दुर्बिणीला सांगते, "बाई, तात्यांना म्हणावं, साखर डॉक्टरांनी बंद केलीय, मी नाही."

तात्या दुर्बिणीकडे पाहून मान हलवतात आणि चहा पितात. निरोप पोचलेला असतो.

आमच्यात भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण नव्या पाहुण्याला पहिल्यांदा तेच वाटतं. आमच्या सासरची ही जुनी रीत आहे. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही. आमच्या कन्हेरी गावातल्या बाकीच्या घरांतून ही रीत कधीच गेली. दीर-भावजया आता एकमेकांना सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. पण तात्यांनी एकदा पाळायला घेतलेली गोष्ट ते सोडत नाहीत. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. दिवसभर ट्रकवाले, हमाल, साहेब, सगळ्यांशी तोंडावर बोलते. संध्याकाळी स्कूटर घराच्या फाटकातून आत आली की मात्र मला मध्यस्थ लागतो.

पूर्वी तो मध्यस्थ म्हणजे माझ्या जाऊबाई, आक्का. तात्या त्यांना म्हणायचे, "तिला म्हणावं, पाव्हणं जेवायला थांबणार हायती." मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर पोळ्या लाटत असायचे. आक्का निरोप पुन्हा सांगायच्या भानगडीत पडत नसत. नुसतं "ऐकलंस न्हवं?" म्हणायच्या आणि भाजी परतायच्या. आक्का गेल्या आणि तात्यांच्या बोलण्याला ठेवायला जागाच राहिली नाही. काही दिवस त्यांनी गाईला सांगून पाहिलं, पण ती निरोप अर्ध्यात टाकून चरायला निघून जायची. पुढे दुर्बीण आली. ती कुठं जात नाही.

तात्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर गेली. वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कर्ण्यातून गाड्या पुकारायच्या. घरात ते गल्लीतल्या सगळ्यांसारखं हाय-न्हाय बोलतात, पण पुकारा करायचा म्हटला की त्यांच्या गळ्यातून एक वेगळाच, इस्त्री केलेला माणूस बाहेर येतो. निवृत्त झाल्यावर कर्णा गेला, तो माणूस राहिला. दिवस मावळला की तात्या गच्चीवर जातात, कठड्याला धरून घसा साफ करतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारतात:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. पूर्वेकडून येणारा गुरू आपल्या नियोजित वेळेवर फलाटावर लागत आहे. सोबत चार चंद्र असून, त्यांपैकी एक गुरूच्या मागे गेला असल्याने तूर्त तीनच उपलब्ध आहेत."

समोरच्या घरातल्या काकू खालून ओरडतात, "तात्या, इंदापूर लागली का वो?"

"ती चंद्राच्या मागनं यील!" तात्या वरून.

ताऱ्यांचा नाद कसा लागला, हे त्यांनी दुर्बिणीला एकदा सांगितलं, म्हणून मला कळलं. संध्याकाळची गाडी रस्त्यात कुठं तरी टायर फुटून बसलेली असायची, प्रवासी खिडकीवर थापा मारायचे, आणि तात्या बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे. बघता बघता नजर वर जायची. एक ठळक तारा स्थानकाच्या पाण्याच्या टाकीवर यायचा. दुसऱ्या दिवशी थोडा आधी, तिसऱ्या दिवशी त्याच्याही थोडा आधी, पण हिशेबात कधी चूक नाही. "बाई," तात्या म्हणाले, "पयल्यांदा वाटलं, कुणी तरी हाय जगात, जो वेळापत्रक वाचतो."

दुर्बीण त्यांनी घरी केली. विकत मिळते, असं आमच्या ह्यांनी सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "विकतची आणली तर ती दुकानदाराचं ऐकंल." पुण्याहून जाड काचेच्या दोन चकत्या आल्या. अंगणात एक पत्र्याचा ड्रम पालथा घातला, एक चकती त्याच्यावर बसवली, वर बारीक दाण्याची ओली पूड टाकली, आणि दुसऱ्या चकतीनं तात्या घासायला लागले. एका जागी उभं राहून घासायचं नसतं. दोन घासे द्यायचे, एक पाऊल सरकायचं, असं ड्रमभोवती फिरत राहायचं, म्हणजे आरशाला सगळीकडून सारखा खोलगटपणा येतो. गल्लीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. वटपौर्णिमेच्या बायकांसारखे तात्या रोज ड्रमला फेऱ्या घालताहेत, एवढंच लोकांना दिसायचं. कुणी तरी येऊन ड्रमला हळदकुंकू लावून गेलं. ते तात्यांनी पुसलं नाही. म्हणाले, "असू द्या, आरशाला नजर नको लागाया."

आरसा झाला, चांदीसारखा मुलामा चढवून आला, मग नळकांडं पाहिजे. त्यासाठी तात्या महमूदभाईंच्या दुकानात गेले. महमूदभाई बोअरचे पाइप विकतात आणि तात्यांचे जुने दोस्त आहेत. सामान न्यायला स्कूटर माझी म्हणून मीही सोबत होते. महमूदभाईंनी विचारलं, "किती फूट मारायचाय बोअर?"

"खाली न्हाय. वर मारायचाय."

महमूदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी एक निळा, आठ इंची केसिंग पाइप काढला, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा कापून दिला, आणि म्हणाले, "तात्या, पाणी लागलं तर कळवा."

तेव्हापासून रस्त्यात दिसले की दुरूनच हाक येते, "लागलं का वो पाणी?" आणि तात्या बोट वर करतात, "अजून मुरूमच हाय!"

पाइप आतून काळा रंगवला. खालच्या तोंडाशी आरसा बसवला. प्लायवूडच्या खोक्याखाली कडबा कापायच्या कुट्टी यंत्राचं जुनं बेअरिंग घातलं, त्यामुळे एवढं धूड एका बोटानं फिरतं. टॉर्चच्या काचेवर माझी लाल नेलपॉलिश फासली, कारण लाल उजेडानं अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. नेलपॉलिश न विचारता नेली होती. नंतर दुर्बिणीकडून दिलगिरी आली.

आता मी तशी व्यवहारी बाई आहे. फ्रिजवर कामांची यादी असते, यादीत नसलेलं काम मी सहसा करत नाही, आणि आभाळ कधीच यादीत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात तात्यांनी गच्चीवरून पुकारलं, "शनी फलाटावर लागला आहे, तरी खालच्या मजल्यावरील प्रवाशांनी त्वरित यावे." खालच्या मजल्यावर मी एकटीच होते. गेले.

नळीला डोळा लावला. आधी नुसतं काळं. मग एक गोष्ट त्या काळ्यात आली आणि थांबली. पिवळसर मणी, भोवती कडं. कडं आणि मणी यांच्यामध्ये काळी फट. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात असतं, अगदी तसं. म्हणून मला संशय आला. मी डोळा काढला आणि पाइपच्या वरच्या तोंडात हात घालून चाचपून पाहिलं, तात्यांनी आत चित्र तर चिकटवलेलं नाही? स्टोअरमध्ये माल आल्यावर खोक्याची दुसरी बाजू बघायची सवय आहे, त्यातलंच हे.

तात्या दुर्बिणीला म्हणाले, "बाई, ह्यास्नी सांगा, माल असली हाय."

मी पुन्हा पाहिलं. शनी हळूहळू एका कडेला चालला होता. मी म्हणाले, "बाई, शनी पळतोय."

"त्यो न्हाय पळत," तात्या म्हणाले. "आपण पळतोय. ही गच्ची, हे घर, कन्हेरी, समदं फिरतंय. जमीन फिरती म्हणून त्यो नळीतनं सुटतो."

लहानपणी पाठ केलं होतं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण ती फिरताना मी पाहिली ती त्या संध्याकाळी. नळीतून शनी सुटला तेव्हा मी खरोखरच कठडा घट्ट धरला. खाली कुकरची शिट्टी झाली, ती कुठल्या तरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखी वाटली. भात लागला. आमच्या ह्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला आणि म्हणाले, "आता दोघं झाली येडी."

तात्यांच्या मनात मात्र शनी नव्हता, गुरूही नव्हता. त्या लोकल गाड्या. लांब पल्ल्याची त्यांची गाडी एकच, देवयानी. देवयानी म्हणजे तारा नाही. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा. अब्जावधी सूर्यांचा तो गोतावळा इथून चिमूटभर धुरकट डागासारखा दिसतो, तोही अंधार चांगला असेल तर. तिच्याकडून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला पंचवीस लाख वर्षं घेतो. हा आकडा मला तात्यांनी दुर्बिणीमार्फत सांगितला तेव्हा मी चुकून म्हणाले, "एवढा उशीर?"

तात्यांना राग आला. "उशीर न्हाय, बाई! रस्ता लांब हाय. पंचवीस लाख वर्सांमागं निघालीय, तवा माणूसबी धड झाला न्हवता. रस्त्यात कुठं थांबली न्हाय, फुटली न्हाय. आन् रोज संध्याकाळी हितं, ह्या गच्चीवर पोचती. रोज! आन् उतरून घ्यायला कोण? कुणी न्हाय. रिकामा फलाट."

तिच्याकडे जायचा रस्ताही त्यांनी बसच्या मार्गासारखा बांधला होता. उत्तरेकडे तोंड करायचं. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौक आहे, तिथून निघायचं. चौकाच्या कोपऱ्यावरून पुढे पहिला थांबा, मग दुसरा थांबा. दुसऱ्यावरून आडवं वळायचं, वाटेत दोन मिणमिणत्या वस्त्या लागतात, आणि दुसऱ्या वस्तीला लागूनच देवयानी. "ह्याच्यात चुकायला जागाच न्हाय," तात्या म्हणायचे. पण हिवाळाभर शोधून ती त्यांना सापडली नव्हती. पहिल्या वर्षी एमआयडीसीच्या उजेडावर ठपका आला. दुसऱ्या वर्षी माझ्यावर.

कारण आम्ही घराला लागून असलेल्या तुकड्यात लावलेलं ड्रॅगनफ्रूट दुसऱ्या वर्षी फळावर आलं. हे झाड मोठ्या दिवसांत फुलतं. दिवाळीनंतर दिवस लहान झाले की गप्प बसतं. पण संध्याकाळपासून काही तास शेतात दिवे लावले की त्याला वाटतं, उन्हाळा संपलेलाच नाही, आणि ते बिचारं भर थंडीत कळ्या काढतं. इंदापुराकडे माझ्या माहेरी, वरकुट्याला, भावानं हे केलेलं पाहून मी यादी केली, तारा ओढल्या, ओळीनं बल्ब टांगले आणि पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं. शेत असं झगमगलं की रस्त्यावरून जाणारे मोटारसायकलवाले थांबून विचारायला लागले, लग्न कुणाचं?

गच्चीवरून आवाज आला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. देवयानीकडून येणारी गाडी, शेजारच्या रानात लग्न असल्या कारणाने, पुढील सूचनेपर्यंत रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मी वर गेले. तात्या दुर्बिणीला म्हणाले, "बाई, वरात कधी उठणार, तेवढं इचारा."

"बाई, तात्यांना सांगा, वरात माघात उठेल."

"बाई, माघात देवयानी पश्चिमेला बुडती. तिला माघापत्तोर थांबाया सांगू का?"

"बाई, शेतीचा सल्ला देणारे साहेब म्हणालेत, कळ्या दिसेपर्यंत एकही रात्र दिवे चुकवायचे नाहीत. झाडाला कळलं की हिवाळा आहे, तर सगळं मुसळ केरात."

"झाडाला फसवायचं, त्याच्यापायी आभाळाला झाकायचं," तात्या म्हणाले. हे त्यांनी दुर्बिणीलाही सांगितलं नाही, नुसतं हवेत सोडलं.

मी नेहमीसारखे उपाय काढले. दिवे उशिरा लावायचे, तर आमच्या शेताच्या लाइनला उशिरा वीज असेलच याची खात्री नाही. गच्चीच्या त्या बाजूला बांबू उभे करून हिरवी शेडनेट ताणली. तात्या म्हणाले, गुरूला चालंल, देवयानीला न्हाय चालायची. मग म्हटलं, दुर्बीण पिकअपमध्ये घालून वरकुट्याला नेऊ, तिथं माझ्या भावाच्या मळ्यामागे माळ आहे, चांगला अंधार पडतो. तात्या हादरले. "बाई! थोरल्या दिरानं भावजयीच्या म्हायेरी जायाचं, आन् तेबी पाइप घिऊन? लोक म्हणतील, बोअर माराया आलाय."

असे आमचे वाद चालू होते. तात्या तक्रार करत, मी उत्तर देत होते, दुर्बीण ऐकत होती. मधूनमधून तात्या कुठं तरी धडकत. दाराच्या चौकटीला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दांडीला, एकदा माझ्या स्कूटरला. वर बघत चालणाऱ्या माणसाचं हे असंच होणार, म्हणून आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मग एका संध्याकाळी सगळ्या भागाची लाइन गेली. शेत विझलं, गाव विझलं. मी घरात मेणबत्त्या शोधत होते. गच्चीवर तात्यांची धावपळ ऐकू आली, बेअरिंग फिरल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता पुकारा येईल. आला नाही. लाइन परत आली, तात्या खाली आले, पानावर बसले आणि एक शब्द न बोलता जेवून उठले.

त्यानंतर त्यांनी दिव्यांचं नाव काढलं नाही. मला आधी बरं वाटलं. दोन-तीन दिवसांनी बरं वाटेनासं झालं. गुरूचा पुकाराही बंद झाला. समोरच्या काकूंनी मला विचारलं, "तात्या गावाला गेल्यात का गं?" आणि एका सकाळी तात्या दुर्बिणीवरची धूळ पुसत तिला सांगत होते, "बाई, आता तुमाला शाळंत देतो. तितं पोरं हायती. हितं काय हाय?"

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. हे मला ऐकवण्यासाठी नव्हतं. मी आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

कारखान्यात दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. माझ्या दिव्यांनी त्या माणसाची दुर्बीण घालवली, एवढंच डोक्यात. संध्याकाळी अमावास्या होती, आभाळ धुतल्यासारखं. मी आमच्या ह्यांना म्हणाले, "आज दिवे लावायचे नाहीत."

"अगं, कळ्या! साहेब म्हणले न्हाईत का, एकबी रात चुकवायची न्हाय?"

"म्हणाले."

"पंधरा दिसांची मेहनत जाईल."

"जाईल कदाचित."

"तात्यापायी?"

"हो."

त्यांनी बटणावरचा हात काढला. मग म्हणाले, "तूच सांग त्याला. मी सांगितलं तर लावच म्हणंल." आणि बटणाजवळच, पायरीवर बसले, म्हणजे कुणी येऊन लावायला नको.

मी वर गेले. तात्या कठड्याशी उभे होते. अंधार पडत चालला होता आणि शेत पेटलं नव्हतं. त्यांनी शेताकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे. "बाई, लाइन गेली का?"

"बाई, लाइन आहे. दिवे बंद ठेवलेत."

तात्यांनी मला मोबाइल खाली ठेवून यायला लावलं, मग आम्ही डोळे सरावायची वाट पाहत थांबलो, ते या टोकाला, मी त्या टोकाला. आधी ठळक तारे होते तेवढेच. मग त्यांच्या मधल्या जागा भरायला लागल्या. मग त्या मधल्यांच्याही मधल्या. आमच्या घरावर एवढं सामान आहे, हे मला माहीत नव्हतं. स्टोअरचं शटर उघडावं आणि आत मागे, आणखी मागे, रांगाच रांगा दिसाव्यात, आणि मोजायची सोयच नसावी, असं झालं. मान दुखायला लागली तरी खाली बघवेना. एमआयडीसीचा उजेड क्षितिजाशी होता, पण तो आता चुलीतल्या विस्तवाएवढाच वाटत होता.

तात्यांनी नळी धरली. चौक, पहिला थांबा, दुसरा थांबा, वळण, वस्ती, वस्ती. ओठांत पुटपुटत नेली. मग बाजूला झाले.

"बाई, ह्यास्नी म्हणावं, आधी तुमी बघा. पर नीट समोर बघायचं न्हाय. नजर जरा बाजूला ठेवायची. डोळ्याची मधली नजर उजेडाची असती, कडंची अंधाराची. देवयानी कडंच्या नजरंला दिसती."

मी डोळा लावला. समोर पाहिलं तर काही तरी असल्याचा भास, बस. मग नजर बाजूला वळवली, आणि ते उमललं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मधोमध मऊ उजेड, दोन्ही बाजूंना लांबत गेलेला, नळीच्या कडांना जाऊन भिडलेला. त्याच्याकडे पाहायला गेलं की तो मागे सरकायचा, दुसरीकडे पाहिलं की हळूच पुढे यायचा. हा उजेड निघाला तेव्हा हे गाव नव्हतं, नदीच्या काठावर कुणी माणूस नव्हता, भाषा नव्हती, त्याला नाव द्यायला कुणीच नव्हतं. आणि तो येऊन माझ्या डोळ्यात थांबला. माझ्या तोंडून आवाज निघाला, कसला ते मला सांगता येणार नाही.

"हाय?" तात्यांनी विचारलं.

"आहे."

"दोन वस्त्यांतल्या दुसरीला लागून?"

"तिलाच लागून."

तात्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर खाली बसले. "मंग पाइप बरुबर हुता. मंग रस्ता बरुबर हुता."

"तुम्ही बघा ना आता," मी म्हणाले. दुर्बिणीला सांगायचं राहून गेलं.

"मला न्हाय दिसायची."

"का?"

"काचबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. कडंची नजर गेली. समोरचं दिसतं, शनी दिसतो, ताटातलं दिसतं. बाजूचं न्हाय दिसत. परवा लाइन गेली, तवा हुता की चांगला अंधार. ही नळी हितंच लावली हुती. काय बी न्हाय दिसलं. तवा कळलं, दिव्यांचं न्हवतं ते. म्या उगंच तुमच्या दिव्यांना बोल लावला."

तुमच्या, म्हणाले. माझ्याकडे तोंड करून. चौकट, कपड्यांची दांडी, स्कूटर, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि पहिल्यांदा मला रागच आला.

"औषध घालता का?"

"घालतो."

"दोन्ही वेळा?"

"एकांद्या वेळी ऱ्हातं."

"डॉक्टर कोण? ह्यांना सांगितलंत?"

"त्याला सांगितलं तर त्यो मला उद्याच पुण्याला न्यील. नेऊ द्या. उद्या न्या, परवा न्या, कुठं बी न्या. आता तेवढी देवयानी बघा. दवाखाना मागनं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्सं झाली. एवढ्या लांबनं येती, आन् येती का न्हाय तेच मला कळत न्हवतं. इचारायचं कुणाला? आक्का असती तर तिला म्हणलं असतं, ये, डोळा लाव जरा."

खालून आमच्या ह्यांचा आवाज आला, "झालं का? लावू का दिवे?"

"थांब जरा, सुभाष!" तात्या ओरडले. मग माझ्याकडे वळले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण तो माझ्याकडेच होता. "तुमी सांगा मला. कशी हाय?"

आयुष्यभर मी वस्तूंची वर्णनं लिहीत आले. नग, आकार, रंग, शिल्लक. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"मधे उजळ आहे," मी म्हणाले. "पीठ मळून झाल्यावर कोरडा हात काळ्या लुगड्याला पुसावा, तशी. मधे पीठ दाट. कडेला विरत जाते. कुठं संपते, ते सांगता येत नाही. संपली असं वाटतं आणि पुढे आणखी असते."

तात्यांनी डोळे मिटून घेतले असावेत, कारण त्यांचा आवाज आतून आल्यासारखा आला.

"मधी उजळ म्हणलात. किती उजळ?"

"थांबा," मी म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावला.